पहिल्या बेसवरची धडक : निर्णय कसा द्यावा

प्रश्न : शहादा तालुक्यातील एका माध्यमिक शाळेच्या क्रीडाशिक्षिका विचारतात : आमच्या १७ वर्षांखालील मुलींच्या सॉफ्टबॉल सामन्यात बॅटरने तिसऱ्या बेसकडे सावकाश जाणारा ग्राउंडर, म्हणजे जमिनीवरून जाणारा फटका, मारला. तिकडून पहिल्या बेसकडे आलेला थ्रो होम प्लेटच्या (बॅटर उभी राहते त्या जागेच्या) बाजूला भरकटला. तो घेण्यासाठी पहिला बेस सांभाळणारी मुलगी (फर्स्ट बेसमन) फाऊल लाइनवर, म्हणजे होम प्लेटपासून पहिल्या बेसकडे जाणाऱ्या हद्दीच्या रेषेवर, सरकली आणि आमची धावणारी मुलगी तिच्यावर आदळली. दोघी पडल्या, चेंडू सुटला, आमच्या मुलीने सरपटत जाऊन बेसला हात लावला. पंचांनी ‘सेफ’ (बाद नाही) दिले. समोरच्या संघाचे म्हणणे असे की आमच्या मुलीने ढकलले, म्हणून ती बादच. यात बरोबर काय? चेंडू आणि पाय एकाच वेळी पोहोचले तर निर्णय कोणाच्या बाजूने द्यायचा? तालुक्याच्या सामन्यांत शाळेतल्याच मोठ्या मुलांना या बेसवर पंच म्हणून उभे करावे लागते. त्यांना काय शिकवावे?

उत्तर :

मॅडम, आपण जे वर्णन केले आहे त्यावरून ‘सेफ’ हा निर्णय बरोबर होता असे मला वाटते; मात्र तो कोणत्या कारणाने दिला हे आपल्या पंचांना विचारून घ्यावे. ‘दोघी पडल्या, चूक कोणाचीच नाही, म्हणून सेफ’ असे उत्तर मिळाले, तर निर्णय योगायोगाने बरोबर आला असे समजावे. सॉफ्टबॉलच्या नियमांत धडक हा स्वतंत्र गुन्हा नाही. कोण पडले, कोणाचा गुडघा फुटला, कोण रडले, यावरून काहीही ठरत नाही. शरीराला शरीर लागले त्या क्षणी चेंडू कुठे होता आणि बेसवरची मुलगी नेमके काय करत होती, या दोन प्रश्नांवर सगळे ठरते. पंचाने हे दोन प्रश्न मनाशी पक्के धरले, की मैदानाबाहेरचा आरडाओरडा त्याला फारसा छळत नाही.

आपल्या सामन्यातल्या प्रसंगात तीन शक्यता संभवतात. पहिली अशी की धडक होताना चेंडू अजून हवेत होता. तसे असेल, तर फर्स्ट बेसमनने धावणाऱ्या मुलीची वाट अडवली असा अर्थ होतो. ‘मी थ्रो घ्यायलाच तर आले होते’ हा तिचा बचाव आता चालत नाही. जुन्या नियमांत चेंडू घेण्याच्या बेतात असलेल्या खेळाडूला थोडी सवलत होती आणि आपल्याकडचे अनेक जुने प्रशिक्षक अजूनही त्याच आठवणीवर वाद घालतात. सध्याच्या नियमांत चेंडू हातात असेल किंवा बॅटने मारलेला चेंडू अडवण्याचे काम चालू असेल, तरच वाटेत उभे राहण्याचा हक्क मिळतो. फेकलेल्या चेंडूची वाट पाहणे या दोहोंत बसत नाही. दुसरी शक्यता अशी की चेंडू ग्लोव्हमध्ये आला, तो तिच्या ताब्यात होता, आणि त्यानंतर दोघींची टक्कर होऊन तो सुटला. धावणारी आपल्या वाटेने सरळ चालली होती आणि तिने मुद्दाम काही केले नाही, तर इथे कोणाचाच नियमभंग होत नाही. चेंडू पडला म्हणून बाद नाही, चेंडू जिवंत (खेळ चालू) आणि धावणारी सेफ. तिसरी शक्यता अशी की फर्स्ट बेसमन चेंडू घट्ट धरून उभी होती, धावणारीला ते समोर दिसत होते, आणि तरीही ती उभ्याने तिच्या अंगावर गेली. तेव्हा मात्र चेंडू सुटला तरी धावणारी बाद, चेंडू लगेच डेड (खेळ थांबतो) आणि बाकीच्या रनर, म्हणजे आधीच बेसवर असलेल्या धावणाऱ्या, त्या क्षणी ज्या बेसला स्पर्श करून आल्या होत्या तिथे परत. धडक दांडगाईची असेल, तर त्या मुलीला सामन्यातून बाहेर काढण्याचा अधिकारही पंचाला आहे आणि शालेय सामन्यांत तो वापरताना संकोच करू नये.

थ्रो भरकटल्यामुळे बेसवरची मुलगी आयत्या वेळी ओढली गेली, असे आपण लिहिले आहे. त्यामुळे पहिली किंवा दुसरी शक्यता लागू होते आणि दोन्हींत उत्तर ‘सेफ’ हेच येते. तरीही फरक मोठा आहे. अडवणूक मानली, तर पंचाने त्याच क्षणी डावा हात मूठ बंद करून खांद्याच्या रेषेत बाजूला धरायचा असतो आणि खेळ चालू ठेवायचा असतो. शिट्टी वाजवायची नाही, ‘डेड बॉल’ ओरडायचे नाही. अडवली गेलेली मुलगी जिथपर्यंत पोहोचली असती असे पंचाला वाटते, तिथपर्यंत तिला संरक्षण असते. आणि ज्या दोन बेसच्या दरम्यान अडवणूक झाली, तिथे तिला बाद देता येत नाही. म्हणजे आपली मुलगी सरपटत बेसपर्यंत पोहोचण्याआधी दुसऱ्या कोणी पडलेला चेंडू उचलून बेसला लावला असता, तरीही पहिला बेस तिचाच होता. दुसऱ्या शक्यतेत तसे झाले असते, तर ती बाद होती. डावा हात वर गेला की नाही, यावर पुढचा अर्धा वाद मिटतो, आणि नेमका हाच हात आपल्याकडे वर जात नाही. पंच पडलेल्या मुलींकडे धावतो. माणुसकीने ते योग्यच आहे, पण आधी हात आणि मग पाय, हा क्रम अंगवळणी पडला पाहिजे.

धावणाऱ्या मुलीच्या चुकीने बाद होण्याचे प्रकारही सांगतो, कारण समोरच्या संघाचा आक्षेप त्याच दिशेचा होता. होम प्लेट ते पहिला बेस हे अंतर ६० फूट, म्हणजे १८.२९ मीटर. त्यातल्या दुसऱ्या अर्ध्या भागात, शेवटचे ३० फूट, फाऊल लाइनच्या बाहेर ३ फुटांवर तिला समांतर एक रेषा मारलेली असते. या दोन रेषांमधली पट्टी ही धावणारीची गल्ली. तिचे एखादे पाऊल गल्लीच्या पूर्ण बाहेर जमिनीवर टेकलेले असेल, आणि त्यामुळे थ्रो घेणाऱ्या मुलीला अडथळा झाला असे पंचाला वाटले, तर ती बाद. पाऊल रेषेवर असेल तर ते गल्लीतच धरायचे. नुसते बाहेर धावणे हा गुन्हा नाही. अडथळाही झाला पाहिजे. बंट (बॅट न फिरवता चेंडू नुसता हळू टेकवणे) झाल्यावर कॅचर, म्हणजे होम प्लेटमागची खेळाडू, मागून थ्रो करते तेव्हा हा नियम खरोखर कामाला येतो, कारण चेंडूची वाट आणि धावणारीची वाट तेव्हा जवळजवळ एकच असते. आपल्या प्रसंगात थ्रो तिसऱ्या बेसकडून आला होता आणि फर्स्ट बेसमनच लाइनवर आली होती, म्हणून आपली मुलगी गल्लीत होती असे धरले तर तिच्याकडे बोट दाखवायला जागा नाही.

बंटच्या वेळी फर्स्ट बेसमन पुढे धावते, तेव्हा मात्र चित्र उलटते. ती बॅटने मारलेला चेंडू उचलायला आली आहे, तिचा हक्क पहिला आहे, आणि धावणारीने तिला वळसा घालून जायचे आहे. त्यासाठी ती गल्लीबाहेर गेली तरी चालते. आदळली तर बाद, मुद्दाम असो वा नसो. एकाच चेंडूवर पिचर (बॅटरला चेंडू टाकणारी) आणि फर्स्ट बेसमन दोघी धावल्या, तर हे संरक्षण दोघींना मिळत नाही. चेंडू प्रत्यक्ष उचलू शकेल अशी जी एक मुलगी पंच ठरवेल, तिलाच ते मिळते.

आपल्या भागातल्या मैदानांबद्दल थोडे लिहिल्याशिवाय राहवत नाही. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत शालेय सामने बहुधा पावसाळ्यात किंवा तो सरता सरता होतात. काळ्या मातीत सकाळी मारलेली फक्की दुपारपर्यंत बुटांनी कालवून जाते आणि ३ फुटांची रेषा तर अनेकदा मारलेलीच नसते. रेषा नसताना गल्लीचा नियम लावणे म्हणजे अंदाजाने शिक्षा करणे. म्हणून सामन्याआधी पंचानेच फक्कीचा डबा मागून घ्यावा आणि ती रेषा मारून घ्यावी. पाच मिनिटांचे काम आहे. तेच दुहेरी बेसचे. पहिल्या बेसवर लाइनच्या आत पांढरा आणि बाहेर केशरी असा जोडबेस असला, की निम्म्या धडका होतच नाहीत. प्रत्येक भाग १५ इंचांचा, म्हणजे ३८ सेंटीमीटरचा चौरस. फर्स्ट बेसमनने पांढऱ्यावर पाय ठेवायचा, धावणारीने केशरीवर. मी खेळत होतो तेव्हा गोणपाटात भुसा भरून शिवलेला एकच बेस असे आणि दोघांचे पाय त्याच्याच एका कडेवर पडत. तसे पाय मुरगळलेले मी बरेच पाहिले आहेत.

जोडबेस आला की त्याच्याबरोबर काही बारकावेही येतात. बेसवर थ्रो येत असताना धावणारीने फक्त पांढऱ्या भागाला पाय लावला, तर ते बेस चुकवल्यासारखे धरले जाते. पण पंचाने आपणहून बाद द्यायचे नाही. ती परत बेसवर येण्याआधी क्षेत्ररक्षण करणाऱ्या संघाने अपील केले, तरच बाद. चेंडू आऊटफिल्डमध्ये गेला आहे आणि पहिल्या बेसवर थ्रो येतच नाही, तेव्हा ती कोणत्याही भागाला पाय लावून दुसऱ्या बेसकडे वळू शकते. एकदा बेस मिळाला की तिचा बेस पांढराच. थ्रो भरकटून फर्स्ट बेसमन फाऊल बाजूला ओढली गेली, किंवा तिसरा स्ट्राइक (बॅटरच्या विरोधात मोजलेला तिसरा चेंडू) कॅचरच्या हातून सुटून चेंडू फाऊल बाजूला गेला आणि थ्रो तिकडूनच आला, तर दोघींना दोन्ही भाग खुले असतात. आपल्या सामन्यात जोडबेस असता तर नेमकी ही सवलत लागू झाली असती. फर्स्ट बेसमनने केशरी भागाला पाय लावून चेंडू धरला असता तरी तो वैध ठरला असता.

आता चेंडू आणि पाय एकाच वेळी आल्याबद्दल. ‘बरोबरी झाली तर रनरला द्या’ असे स्वतंत्र वाक्य नियमपुस्तकात नाही. बाद होण्यासाठी चेंडू धावणारीच्या आधी पोहोचला पाहिजे, एवढेच नियम म्हणतो. त्यामुळे खरोखर बरोबरी झाली तर ती बाद नाही, हे तर्काने निघते. पण मैदानावर उभ्या पंचाने ‘बरोबरी’ हा शब्द डोक्यातून काढून टाकावा. चेंडू आधी आला का? आला, तर बाद. नाही, तर सेफ. तिसरा खण ठेवला, की मन त्यात जाऊन बसते आणि प्रत्येक निसटता निर्णय एकाच बाजूला झुकू लागतो.

हा फरक पंचाला कळतो तो डोळे आणि कान वाटून घेतल्यामुळे. थ्रो हातातून सुटेपर्यंत त्याच्याकडे पाहावे, तो नीट येतोय की भरकटतोय एवढे ओळखावे, आणि मग नजर बेसवर आणून तिथेच ठेवावी. पाय बेसवर पडताना डोळ्यांनी पाहायचा आणि चेंडू ग्लोव्हमध्ये बसल्याचा आवाज कानांनी ऐकायचा. चेंडूचा पाठलाग करत नजर फिरवणाऱ्या पंचाला पाय कधीच दिसत नाही; त्याला दिसतो तो फक्त धावणारीचा पुढे निघून गेलेला खांदा. ओल्या काळ्या मातीत पावलाचा आवाज येत नाही, म्हणूनही पाय डोळ्यांच्या वाट्याला आणि चेंडू कानांच्या वाट्याला बरा.

कानाचेही एक गणित आहे आणि ते मोठ्या मुलांना फळ्यावर करून दाखवावे. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३५० मीटर जातो. धावणारी मुलगी बेसजवळ येताना सेकंदाला ६ ते ७ मीटर वेगात असते. पंच ५ मीटरवर उभा असेल, तर आवाज त्याच्या कानात येईपर्यंत ती ९ ते १० सेंटीमीटर पुढे सरकलेली असते, म्हणजे जेमतेम अर्धी वीत. तोच पंच आळसाने २० मीटरवर उभा राहिला, तर ती ३५ ते ४० सेंटीमीटर सरकते. पांढऱ्या बेसची रुंदी ३८. म्हणजे लांबून निर्णय देणारा पंच प्रत्येक निसटत्या वेळी जवळजवळ एक अख्खा बेस धावणारीच्या पदरात टाकत असतो, आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो.

बेसवर रनर नसताना पंचाने सुरुवातीला पहिल्या बेसच्या मागे १८ ते २१ फुटांवर, फाऊल लाइनच्या बाहेर उभे राहावे. ग्राउंडर मारला गेला की लाइनच्या आत येऊन बेसपासून १५ ते १८ फुटांवर थांबावे. आत किती यायचे, हे थ्रो कुठून येतो त्यावर ठरते. थ्रोची दिशा आणि पंचाची नजर यांचा काटकोन झाला पाहिजे; मग चेंडू आडवा जाताना दिसतो आणि फर्स्ट बेसमनचा पाय बेसवरून सुटला तर तेही दिसते. शॉर्टस्टॉपकडून (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या खेळाडूकडून) थ्रो असेल तर लाइनच्या आत दोन-तीन पावले पुरतात, तिसऱ्या बेसकडून असेल तर आणखी आत यावे लागते, सेकंड बेसमनकडून असेल तर लाइनच्या कडेलाच राहावे. बंटनंतर कॅचर किंवा पिचरकडून थ्रो येणार असेल, तर थेट पहिल्या-दुसऱ्या बेसच्या रेषेकडे सरकावे, मात्र बेस सांभाळायला धावत येणाऱ्या सेकंड बेसमनच्या पायात येऊ नये. या शेवटच्या प्रकारात बेसवरच्या पंचाला गल्ली दिसत नाही. ते काम प्लेट अंपायरचे, म्हणजे होम प्लेटमागच्या पंचाचे. त्याने धावणारीच्या मागोमाग निम्म्या वाटेपर्यंत यायचे असते. थ्रो सुटायच्या वेळी पंच थांबलेला असला पाहिजे. धावता धावता पाहिलेले चित्र हलते.

निर्णय देण्याआधी एक श्वास थांबावे, ही गोष्ट मी स्वतः फजिती करून शिकलो. अमळनेरला एका सामन्यात शेवटच्या डावात ग्राउंडर गेला, थ्रो सरळ आला, ग्लोव्हचा आवाज आला, पाय नंतर पडला. मी हातोडा मारावा तशी उजवी मूठ खाली आणत ‘आऊट’ ओरडलो. ओरडून झाल्यावर मला दिसले की चेंडू त्या मुलाच्या ग्लोव्हच्या टोकावर आइसक्रीमच्या गोळ्यासारखा डुलतो आहे. तो खाली पडला. मी दोन्ही हात पसरून ‘सेफ’ दिले, तोवर तिसऱ्या बेसवरचा रनर माझा ‘आऊट’ ऐकून थांबलेला होता आणि त्याची धाव गेली. सामना संपल्यावर मैदानाला पाणी मारणारे एक बाबा नळी गुंडाळत माझ्याजवळ आले आणि एवढेच म्हणाले, ‘सर, इतली घाई काबर करी?’ तेव्हापासून पाय, आवाज आणि शेवटी ताबा, असे तीन टप्पे मी मनात मोजतो. ग्लोव्हमधला चेंडू तिच्या ताब्यात आहे हे नजर वर करून पाहिल्यावरच मूठ हलते. धावणारीला तेवढ्याने काही फरक पडत नाही. ती तशीही बेस ओलांडून पुढे धावत असते.

ओलांडून जाण्यावरूनही वाद होतात, तो थोडक्यात मिटवतो. बेस ओलांडल्यावर ती उजवीकडे वळली की डावीकडे, याला महत्त्व नाही. तिने दुसऱ्या बेसकडे जाण्याचा प्रयत्न केला असे पंचाला वाटले, तरच टॅग करून, म्हणजे हातातला चेंडू तिच्या अंगाला लावून, ती बाद होते.

आपल्याकडे आणखी एक अडचण असते. गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस मैदानाच्या शेजारी लेझीम आणि ढोलाचा सराव चालू असतो आणि ग्लोव्हचा आवाज ऐकूच येत नाही. अशा वेळी कानावर विसंबू नये. दोन पावले आणखी मागे सरकावे, म्हणजे बेसवरचा पाय आणि ग्लोव्ह दोन्ही एकाच नजरेत मावतात. मघाचे आवाजाचे गणित इथे लागू होत नाही, कारण डोळ्यांना उशीर होत नाही.

पाय बेसवरून सुटला की नाही, किंवा टॅग लागला की हुकला, हे फर्स्ट बेसमनच्या पाठीमुळे दिसले नाही, तर निर्णय जाहीर करण्याआधी प्लेट अंपायरला विचारावे. जाहीर करून मग विचारले, तर दोन्ही बेंच उठून मैदानात येतात. चेंडू आधी की पाय आधी, हे मात्र दुसऱ्याला कधीही विचारू नये. ते ज्याच्यासमोर घडले त्याचेच.

मोठ्या मुलांना तयार करण्यासाठी मी असा सराव घेतो. संध्याकाळी सामना नसताना तिघे लागतात : एक बेसवर ग्लोव्ह घेऊन, एक शॉर्टस्टॉपच्या जागेवरून थ्रो करणारा, एक १० मीटरवरून धावत येणारा. शिकणारा पंच ५ मीटरवर थांबतो. थ्रो करणाऱ्याला सांगून ठेवावे की कधी चेंडू मुद्दाम थोडा उशिरा सोड, कधी होम प्लेटच्या बाजूला फेक. बेसवरच्या मुलाने अधूनमधून पाय उचलावा किंवा चेंडू सोडावा. बाजूला कोणीतरी मोबाइलवर हळू गतीचे चित्रण करावे. पहिले वीस चेंडू पंचाने हात हलवायचा नाही, नुसते मोठ्याने म्हणायचे : ‘पाय’, ‘आवाज’, ‘ताबा’, ज्या क्रमाने घडेल त्या क्रमाने. एकविसाव्या चेंडूपासून निर्णय आणि खूण. धडकेचा सराव अंगावर घालून करू नये. फर्स्ट बेसमनला चेंडू येण्याआधीच वाटेत उभे करावे, धावणाऱ्याने वळसा घालावा, आणि पंचाचा डावा हात आपणहून बाहेर जातो का तेवढे पाहावे. मोबाइल मात्र सराव संपेपर्यंत त्या मुलाच्या हाती देऊ नका. नाहीतर तो प्रत्येक चेंडूनंतर बेसकडे पाहायचे सोडून पडद्याकडे पाहू लागतो.